बक्षीस हॉस्पिटलमधून लॉगिन केल्याचं

आज ऑफिसात टाउनहॉल झाला, म्हणजे सगळ्या स्टाफची एकत्र सभा. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या नाहीत. हिंजवडीतून निघून वाकडच्या पुलाखाली अर्धा जन्म घालवून घरी येईपर्यंत डोकं शांत होईल असं वाटलं होतं. नाही झालं. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना कुकर लावायचाय त्यांनी आधी लावून या.

तर एका पोराला स्पॉट अवॉर्ड मिळालं. वडील आयसीयूत आणि हा बाहेर बाकड्यावर, मांडीवर लॅपटॉप, मोबाईलचं हॉटस्पॉट, रात्रभर डिप्लॉयमेंट, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चढवायचं काम. गो-लाइव्ह वेळेत झालं, सिस्टिम ठरल्या वेळी सुरू झाली. साहेब स्टेजवरून म्हणाले की रेझिलियन्स, संकटात टिकून राहणं, म्हणजे काय ते या मुलाकडून शिका. मागे स्क्रीनवर त्याचा फोटो, हातात गिफ्ट व्हाउचर. पोरगा कसनुसा हसत होता. (वडील घरी आलेत, बरे आहेत. आधीच सांगते, नाहीतर कॉमेंटमध्ये सगळे तेच विचाराल.)

मला एकच विचारायचं होतं. त्या रात्री त्याच्या जागी बसायला दुसरं कोणी का नव्हतं? पण माइक फक्त अभिनंदनासाठी फिरत होता.

जागेवर येऊन मी त्या प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची यादी, उघडलं. दिसतं मला ते. त्यात ही रिस्क होती बरं का! 'महत्त्वाचा माणूस ऐनवेळी उपलब्ध नसणे.' शक्यता: कमी. उपाय: बॅकअप शोधला जाईल. आणि जबाबदारी कोणाची या रकान्यात त्याच पोराचं नाव. म्हणजे तू नसशील तेव्हा काय करायचं ते तूच बघ. हे कोणीतरी भरलं, कोणीतरी तपासलं, कोणीतरी मंजूर केलं, आणि दर आठवड्याला वरच्या साहेबांच्या स्टीअरिंग कमिटीपुढे स्टेटस हिरवं, म्हणजे सगळं ठीक, असं जात राहिलं. असले कलिंगड प्रोजेक्ट तुम्हीही पाहिले असतील, वरून हिरवे आणि कापले की लाल.

माझ्या आधीच्या कंपनीत एक मॅडम होत्या. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. आयटीत येण्याआधी त्या बँकेत होत्या. बँकेत संवेदनशील जागेवरच्या माणसाला सक्तीच्या रजेवर पाठवतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये तसा आदेशच काढला होता, वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस, तेही आधी न सांगता. बँकेचा हेतू मुख्यतः घोटाळे उघडकीला यावेत हा. मॅडमनी ती युक्ती उचलली आणि आमच्या प्रोजेक्टला लावली. कोण नसलं की काय बंद पडतं, ते त्यांना बघायचं होतं.

आमच्याकडे रात्रीची बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणारे प्रोग्राम (आमच्या भाषेत जॉब), सांभाळणारा एक दादा होता. अबोल माणूस. एका सोमवारी मॅडमनी त्याला सांगितलं, लॅपटॉप इथे ठेवा, फोन बंद करा, घरी जा, पुढच्या आठवड्यानंतर भेटू. दादाला वाटलं नोकरी गेली. त्याचा चेहरा अजून आठवतो मला.

आणि मग महिनाअखेरीला रात्री जॉब अडकला. आम्ही सगळे कॉलवर, कोणालाच काही कळेना. 'दादाला एक फोन लावू या' असं प्रत्येकजण म्हणत होता आणि मॅडम प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. पहाटे कधीतरी सापडलं. समोरच्या सिस्टिमकडून महिन्याच्या शेवटी येणाऱ्या फायलीच्या नावात तारीख उलटी पडायची. दादा दर महिन्याला रात्री उठून त्या फायलीचं नाव हाताने बदलायचा, जॉब पुन्हा सुरू करायचा आणि झोपायचा. वर्षानुवर्षं! ना कुठे नोंद, ना तक्रारीचं तिकीट. क्लायंटला रिपोर्ट उशिरा गेला, मॅडमनी शिव्या स्वतः खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून असली हातची कामं शोधून लिहून काढायला लावली. यादी लाजिरवाणी लांब झाली होती.

हे ज्यांना फालतू वाटतंय त्यांनी अनफ्रेंड करून टाका, खरंच.

युटिलायझेशनचं, म्हणजे प्रत्येक माणूस सतत कामाला लागलेला हवा याचं, म्हणणं मला माहीत आहे. बेंचवरचा, प्रोजेक्ट नसलेला माणूस म्हणजे खर्च, क्लायंटला त्याचं बिल होत नाही. सेल्सने फिक्स्ड प्राइसमध्ये तारीख कबूल केलेली असते, मॅनेजर मधल्यामध्ये चेपला जातो. आणि बफर, म्हणजे जास्तीचा राखीव वेळ, ठेवला की काम पसरून बफर खातं, हेही खरं आहे, मान्य. पण म्हणून बफर शून्य करायचा? चाकणला एका ऑटो व्हेंडरकडे असलेला माझा दीर नेहमी टोयोटाचं सांगतो. कमीत कमी साठा ठेवायचं जगाला शिकवणारी हीच कंपनी. २०११ च्या जपानमधल्या भूकंपात हात पोळल्यावर तिनेच पुरवठादारांना चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ मध्ये बाकीच्यांचे कारखाने चिप्सअभावी थांबायला लागले तेव्हा ही बराच काळ तग धरून होती. पुढे तिलाही उत्पादन कापावं लागलं, ठीक आहे. पण मधले महिने मिळाले ना? आमच्याकडे ते मधले महिने म्हणजे एक्सेलमधली पहिली कापायची ओळ.

आणि पुण्यात बसून हे मी सांगायला पाहिजे का? १२ जुलै १९६१. पानशेत धरण. बांधकाम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्यामुळे धरण फुटायचं काही तास लांबलं आणि पाणी शहरात रात्री न येता दिवसाउजेडी आलं. त्या पोत्यांनी किती जीव वाचवले याला गणती नाही, त्या जवानांपुढे हात जोडतेच. पण पाठोपाठ खालचं खडकवासला धरणही फुटलं, पेठाच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि ज्या शहरात पूर आला त्याच शहराला प्यायला पाणी राहिलं नाही, कारण शहराचं पाणी त्याच खडकवासल्यातून येत होतं. सगळं एकाच ठिकाणी टांगलेलं, बॅकअप नाही. आमचे साहेब त्या दिवशी असते तर पोती रचणाऱ्यांना व्हाउचर देऊन मोकळे झाले असते. अर्धवट धरणात पाणी का अडवलं, तो प्रश्न अजेंड्यावर आलाच नसता.

बरं, जरा पाणी पिऊन आले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच कौतुक वाटलं असणार. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांनीही असंच केलं असेल आणि त्यांच्यासाठीही कोणी टाळ्या वाजवल्या असतील. आणि संकटात माणसं एकमेकांसाठी जागतात, ते मलाही आवडतं. घरच्यासारखी टीम असावी, का नसावी. मला फक्त त्या पोराचं वय दिसत होतं. आज तो शिकला की बापाच्या उशाशी असताना कॉल घ्यायचा असतो. उद्या तो लीड होईल आणि आपल्या टीमकडून तेच मागेल, अगदी प्रेमाने.

दादाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पुढच्या मोठ्या रिलीजच्या आठवड्यात त्याच्या बायकोची डिलिव्हरी तारखेच्या बरीच आधी झाली. तो गेला. फोन बंद होता, आणि त्याला कोणी लावलाही नाही. महिनाअखेर आली, तारीख उलटी असलेली फाइल आली, त्या यादीनंतर लिहिलेल्या स्क्रिप्टने, छोट्या प्रोग्रामने, आपोआप नाव बदललं, जॉब चालला. एका नवीन मुलीने स्क्रीनवर हिरवा टिक बघितला आणि चहाला गेली. कोणाला पत्ताही लागला नाही की काहीतरी मोठं टळलं. काहीच न घडल्याचं अवॉर्ड कोण देणार?

उलट वर्षअखेरीला मॅडमना विचारलं गेलं की तुमच्या टीममध्ये एवढी माणसं मोकळी कशी असतात. रजांचा तक्ता हाच पुरावा म्हणून समोर ठेवला! त्या प्रोजेक्टवरून त्यांना हलवलं. नवीन मॅनेजरने पहिल्या आठवड्यात प्लॅनमधला बफर आणि सक्तीच्या रजा दोन्ही काढून टाकलं, आणि त्याच्या स्लाइडवर 'कार्यक्षमतेत वाढ' असं आलं. हे टाइप करतानाही माझे हात थरथरतायत. मॅडम मात्र जाताना एवढंच म्हणाल्या, की ती हातच्या कामांची यादी तेवढी अपडेट ठेवा. कोणी ठेवली नाही.

आज तो दादा दुसऱ्या कंपनीत आहे. त्याला मघाशी मेसेज करून टाउनहॉलचं सांगितलं. त्याने विचारलं, त्या पोराचा बॅकअप आता तरी आहे का? त्याने एका ओळीत विचारलं, मी पानं भरतेय.

सोमवारी नव्या रिलीजचा प्लॅन माझ्याकडून जायचाय. त्यात प्रत्येकाची सलग रजा टाकली आहे, माझीसुद्धा, आणि पहिलं नाव त्या पोराचं. बफर कुठल्याही टास्कच्या पोटात न लपवता वेगळ्या ओळीत दाखवलाय. कापायचा असेल तर कापा, तुमचा अधिकार आहे. पण फोनवर 'ॲडजस्ट करून घे' चालणार नाही. कोणी कापला, किती कापला, कशासाठी, ते ईमेलवर पाहिजे.

आणि ऑफिसातलं जे कोणी याचा स्क्रीनशॉट एचआरला पाठवणार आहे, त्याला विनंती, पूर्ण पाठव. साहेब वाईट माणूस नाहीत असंही मी लिहिलंय, ते कापू नकोस.