मांडणीतली वाटणी
पट नशिबाने मांडला की सगळ्यांना संधी सारखीच, हे पटावरच्या खेळांबद्दलच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. कटान या पटावरच्या खेळात पटाच्या तुकड्यांवर आकडे असतात; फाशांवर तो आकडा आला की त्या तुकड्याला लागून वस्ती (घराची सोंगटी) असणाऱ्याला माल मिळतो. दोन फाशांची बेरीज 6 येण्याच्या 36 पैकी 5 शक्यता, 8 च्याही तेवढ्याच. 2 आणि 12 ची प्रत्येकी एकच. म्हणजे चांगल्या जागा मोजक्या. म्हणूनच पहिली वस्ती आधी मांडणाऱ्याला दुसरी सर्वांत शेवटी मांडावी लागते. हा नियम कृपया गाळू नका! आमच्याकडे गोरेगावात रविवारी शाळकरी मुलंही खेळायला बसतात. कोपऱ्यात अडकलेलं पोर तासभर नुसते फासे टाकत राहतं, मग पुन्हा येतच नाही. फार वाईट वाटतं. गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळात जपानी नियमांनुसार दुसरी खेळी करणाऱ्या पांढऱ्याला 6.5 गुणांची भरपाई मिळते, तीही याचसाठी.