दाखला अडवून ठेवायचा अधिकार शाळेला दिला कुणी?

थकलेली फी हा शाळा आणि पालक यांच्यातला पैशांचा व्यवहार आहे. तरी दर जूनला फी थकली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडकलेल्या मुलांच्या गोष्टी कानावर येतात आणि आपण "शाळेचंही बरोबर आहे, फी नको का भरायला?" म्हणून मोकळे होतो. मला हे मुळीच पटत नाही.

मागच्या जूनमध्ये ओळखीतल्या एका बाईंसोबत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले होते. नवऱ्याचं काम सुटलं, खासगी शाळेची फी थकली, म्हणून मुलाला सहावीला इकडे घालायचं ठरलं. जुन्या शाळेच्या ऑफिसात एकच उत्तर मिळत होतं, "आधी बाकी भरा, मग दाखला." इकडे मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, दाखल्याशिवाय नाव हजेरीपटावर कसं घेऊ? उद्या मला विचारतील." माणूस वाईट नव्हता. त्यांना तर मूल हवंच होतं, कारण पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं. मुलगा जुन्याच शाळेच्या गणवेशात आला होता. बोलणं चालू असताना तो खिशावरचा बिल्ला तळहातानं झाकून बसला होता.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 5 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश घेत असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश लांबवायचा नाही, नाकारायचाही नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, ते कलम 14. आम्ही कलम 5 ची प्रिंट नेली होती. सरांनी ती दोनदा वाचली आणि नाव घेतलं. पण प्रत्येक आईनं कलमाची प्रिंट घेऊन शाळेत जायचं का?

दाखल्याच्याही आधी जे घडतं ते मला जास्त छळतं. फी राहिली म्हणून मुलाला परीक्षेला बसू न देणं, वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर थकबाकीदारांची नावं वाचणं. कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातलीय. दहा-अकरा वर्षांच्या पोराला वडिलांच्या कर्जाची आठवण वर्गासमोर करून देणं हा छळ नाही, तर काय आहे? शाळेला फी वसूल करायचीच असेल, तर पालकाला नोटीस द्या, दिवाणी दावा लावा. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांचे पगार फीवर चालतात, हे मला मान्य आहे. मुलाला ओलीस धरणं मान्य नाही.

1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आज पालक मुलाचा हात धरून दारात उभे असतात आणि अडवणूक शाळेकडून होते.

तक्रारीचा रस्ता कायद्यात आहे, कलम 32. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्यायची. निकालाची मुदत तीन महिने, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. पण दाखल्यासारख्या गोष्टीला तीन महिने? जूनची तक्रार सप्टेंबरात निकाली निघेल, तोवर पोरगं घरी! दाखल्याच्या तक्रारीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आठवड्याच्या आत निर्णय द्यायलाच हवा. आणि कलम 5 मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागायला हवं.

कायद्याच्या मर्यादाही आहेत. तो 6 ते 14 वयोगटापुरता, आठवीपर्यंतचा. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो लागू नाही. नववीतल्या मुलाची अडवणूक झाली तर हे कलम हाताशी नाही, ही मोठीच उणीव आहे.

तुमच्या आसपास कुणाचा दाखला अडकला असेल, तर तोंडी विनवण्या करत बसू नका. अर्ज लेखी द्या, त्यात कलम 5 लिहा, पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. आणि त्याच दिवशी मुलाला नव्या शाळेत घेऊन जा, दाखल्याची वाट बघू नका.