सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

सध्या कुटुंबाच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: त्वचेचा कर्करोग हा गोऱ्यांचा आजार. आपल्याला निसर्गाने मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळा रंग देणारं द्रव्य, दिलंय, आपले आजे-पणजे जन्मभर उन्हात राबले, त्यांना काही झालं नाही. आपल्या घराण्यात तो नाही, म्हणजे आपल्याला भीती नाही. होतो तो सनस्क्रीनमधल्या रसायनांनी. आणि अंगावरच्या गाठीला किंवा जखमेला सुरी लावू द्यायची नाही, लावली की कर्करोग पसरतो.

यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तर मेसेज पटतो. मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखं बसतं आणि अतिनील किरणांपासून डीएनए वाचवतं. त्यामुळे उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग आपल्याकडे युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने फारच कमी आहेत. पण मेलॅनिन अडवतं ते ऊन. ज्या कर्करोगाचा उन्हाशी संबंध नाही, तिथे त्याचा काय उपयोग?

मेलॅनोमा म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्याचा एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो. तो गोऱ्यांनाही होतो, पण त्यांच्यात उन्हाचे मेलॅनोमा इतके जास्त की हा उठून दिसत नाही. काळ्या-सावळ्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा इथेच असतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली तो सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. आपल्याकडे तळपायाचा काळा डाग म्हणजे कुरूप, भोवरी किंवा काटा मोडलेला, असं धरलं जातं आणि घरीच ब्लेडने तासलं जातं. नखातली काळी रेघ सावळ्या माणसांत पुष्कळदा निरुपद्रवी असते, विशेषतः अनेक नखांत असेल तर. मात्र एकाच नखात नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, किंवा जिचा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरलाय अशी रेघ लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायला हवी.

आता आजे-पणजे. ऊन हे एकच कारण धरलं तर त्यांचा दाखला पटतो. पण आपल्या देशातले काही त्वचेचे कर्करोग कपड्यांखाली झाकलेल्या जागी होतात, आणि त्यांची नोंद जुनी आहे. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या, आत निखाऱ्याची कांगडी (हातात धरायची छोटी शेगडी) धरून बसायची पद्धत आहे. तिच्या धगीने मांड्यांवर आणि पोटावर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकारी सूर्याबाईंसोबत १९४५ साली धोतराच्या गाठीखाली, कंबरेवर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर आवळणं, घाम, घासणं, मग काळा पडलेला पट्टा, मग चिघळणारी जखम.

हे इतिहासजमा झालेलं नाही. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. एक सत्तर वर्षांची, नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट बांधणारी. तिच्या कुशीवर दीड वर्ष जखम होती. दुसरी परकराशिवाय कंबरेला घट्ट लुगडं नेसणारी. कर्करोग दोघींनाही होता. मला या बातमीने फार अस्वस्थ केलं, कारण कंबरेवरचा तो काळा पट्टा आपल्या किती आई-आज्यांच्या अंगावर असतो आणि त्या तो कुणाला दाखवतही नाहीत. नाडी सैल ठेवा, तिच्याऐवजी रुंद पट्टी लावा, बांधायची जागा खाली-वर करा. जखम असेल तर ती भरेपर्यंत तिथे काहीच आवळू नका, एवढं तरी त्यांना सांगा.

चुलीच्या किंवा स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या जुन्या व्रणातही पुढे कैक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. पश्चिम बंगालसारख्या भागात भूजलातल्या आर्सेनिकने होतो. यांत कातडीचा रंग वाचवत नाही.

‘घराण्यात नाही’ हे म्हणणं तर आपल्याकडे जास्तच फसवं आहे. गोऱ्यांमध्ये लाल केसांशी जोडलेला जनुक किंवा पिढ्यान्‌पिढ्या मेलॅनोमा होणारी कुटुंबं, यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. आपल्याला लागू पडणारी गोष्ट वेगळी आहे. झेरोडर्मा पिग्मेंटोझम नावाच्या आजारात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच जन्मतः निकामी असते. सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे आई-वडील धडधाकट असतात, पण प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाची मुलगी करण्याची रीत जिथे आहे, तिथे दोघांकडेही तोच जनुक असण्याची शक्यता वाढते. अशा मुलांना विशीच्या आत मेलॅनोमा सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांचा धोका इतरांच्या सुमारे १०,००० पट असतो, मग जन्माचा रंग गोरा असो की सावळा. लहानग्याला ऊन डोळ्यांना सोसत नसेल आणि दोन-तीन वर्षांच्या वयातच चेहऱ्यावर दाट ठिपके येऊ लागले, तर नजर लागली म्हणून वेळ दवडू नका. जन्मतः कातडीत, केसांत रंगच नसणाऱ्यांनाही उन्हापासून जपावं लागतं. कोडाची गोष्ट मात्र निराळी. कोड असलेल्यांना मेलॅनोमाचा धोका उलट कमी दिसतो, त्यांना घाबरवणं थांबवा.

सनस्क्रीनबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून १,६२१ जणांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वॅमस प्रकारचे, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचे, कर्करोग सुमारे ४० टक्के कमी निघाले, आणि पुढच्या पाहणीत मेलॅनोमाही निम्म्यावर आले. २०२१ मध्ये अमेरिकेत काही सनस्क्रीन स्प्रे परत मागवले गेले ते त्यांत बेंझिन या कर्करोग घडवू शकणाऱ्या रसायनाचा अंश सापडल्यामुळे. बेंझिन हा सनस्क्रीनचा घटक नव्हे. आपल्यातल्या प्रत्येकाने कर्करोगासाठी सनस्क्रीन चोपडायलाच हवं असं मी म्हणत नाही. पण वर सांगितलेल्या मुलांसाठी, किंवा मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांसाठी हा मेसेज थेट घातक आहे.

आणि सुरी. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने होतं. जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा तपासायला घेतल्याने, म्हणजे बायोप्सीने, कर्करोग पसरत नाही. तो पसरतो वेळ दवडल्याने. माणूस वर्षभर लेप लावत बसतो, शेवटी बायोप्सी होते, तोवर आजार पुढे गेलेला असतो आणि दोष सुरीला लागतो. लुगडं नेसणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्रीची जखम दोन वर्षं अंगावर होती आणि निदान झालं तेव्हा कर्करोग जांघेतल्या गाठीत पोचला होता. तोच व्रण लहान असताना भोवतीच्या थोड्या निरोगी कातडीसकट काढला, तर बहुतेकदा तेवढ्यावर काम भागतं. म्हणून महिना-दीड महिन्यात न भरणारी कोणतीही जखम दिसली, मग ती कंबरेवर असो, जुन्या भाजलेल्या जागी असो की तळपायाला, तर डॉक्टरला स्वतःहून विचारा: तुकडा काढून तपासायचा का?