स्वस्तात झाड छाटणाऱ्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांना आवारातल्या फांद्या अचानक दिसायला लागतात. छाटणीच्या धंद्यात उतरायचं असेल तर हाच सीझन. भांडवल फारसं नाही: एक चेन सॉ, एक नायलॉनचा दोर, भाड्याचा टेम्पो आणि वर चढायला कुणीतरी. परवा रविवारी आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराची छाटणी गॅलरीतून शेवटपर्यंत पाहिली, तेव्हापासून होतकरू ठेकेदारांना मार्गदर्शन करायची फार इच्छा आहे.

कोटेशनमध्ये ‘सेफ्टी’ हा शब्द चुकूनही लिहू नका. आमच्याकडे एकाने लिहिला होता. कमिटीने विचारलं, ‘ते काढून किती?’ तो म्हणाला, ते काढून मी करत नाही. गेला बिचारा.

हेल्मेट जरूर घ्या. बांधकामावरचं पिवळं, आतली जाळी तुटलेलं, हनुवटीचा पट्टा नसलेलं. वरचा माणूस खाली वाकला की हेल्मेट त्याच्या आधी जमिनीवर पोचतं आणि मुकादमाला कळतं की आता बाजूला व्हायचं.

परवानगीचा कागद मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेटवर लावा. आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी 1975 सालापासून कायदा आहे, चेष्टा नाही. 2021 च्या दुरुस्तीने तर पन्नाशी गाठलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं. पन्नाशी गाठलेला माणूस त्याच झाडावर रोजावर चढतो, त्याला काय म्हणायचं ते कायद्याने तुमच्यावर सोडलंय.

जवळून वीजवाहिनी जात असेल तर लाइन बंद करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. ओली फांदी वीज वाहून नेते, हे फांदीला माहीत असतं.

आता दोराचं. दोर एकच ठेवा. त्यानेच माणूस बांधायचा, त्यानेच फांद्या खाली सोडायच्या. परवाच्या मुलाने चपला बुंध्याशी नीट जोडीने काढून ठेवल्या, दोर कमरेला दोन वेढे मारून गाठ घातली आणि मशीन एका हातात धरून वर गेला. अंगात बर्म्युडा. डोळ्यांवर काही नाही, कानांत काही नाही. वर बसून त्याने कमरेचा दोर सोडला, कारण खाली ओरड झाली की मोठ्या फांदीला दोर कमी पडतोय. म्हणजे फांदी बांधलेली आणि माणूस मोकळा! फांदी पडली तर खालच्या गाडीची काच फुटेल ना. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वरून हिरवी दिसणारी फांदी आतून पोकळ निघते, हे त्या मुकादमाला माहीत नसेल असं मी मानत नाही. बारा मीटरवरून सुटलेला माणूस दीड सेकंदात खाली येतो, ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने, आणि खाली आमचे पेव्हर ब्लॉक. कमरेचा दोर असता तरी काय? झटका सगळा मणक्यावर आणि पोटावर येतो. म्हणून तर मांड्या आणि छातीवर ओझं वाटून घेणारा पूर्ण हार्नेस असतो, म्हणून तर मशीन चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं असतं, त्यातला एक दोर पोटात तार असलेला, कारण साखळी साधा दोर सुतासारखा तोडते. साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून जास्त पळते हो! मशीन उसळलं की साखळी थांबवायला पुढे एक दांडा असतो, तो यांनी तारेने मागे बांधून टाकलेला. का, तर ‘सारखा मध्ये येतो’. अरे, मध्ये यायलाच बसवलाय तो!

असो. सूचना चालल्या होत्या.

मी खाली जाऊन विचारलं तर मुकादम म्हणाला, ‘साहेब, पोरंच घालत नाहीत, गरम होतं.’ सेक्रेटरींनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, ‘पुढच्या वर्षी आपणच जबाबदारी घ्यावी.’ त्याला नऊ अंगठे आले.

मग आता सरळच सांगतो. मुकादम, पोरं घालत नाहीत तर मशीन त्यांच्या हातातून काढून घ्या. उशिरा आला तर अर्धा दिवस कापता, तेव्हा तुमचं ऐकतात ना? साधा हार्नेस दोन-तीन हजारांत मिळतो, तुमच्या मशीनच्या किमतीत चार-पाच येतील. मशीनला रोज ऑइल घालता, त्याची साखळी घासून घेता, आणि चढणाऱ्याला हनुवटीचा पट्टा नाही?

आणि कमिटीवाले, तुम्ही जास्त दोषी आहात. लॉबीच्या ग्रॅनाइटला पैसे होते. सोसायटीच्या नावाच्या दिव्यांच्या पाटीला होते. दोन कोटेशनांतला फरक प्रत्येक फ्लॅटमागे एका पिझ्झाएवढा होता, आणि तो फरक कशाचा होता हे तुम्हाला कागदावर लिहून दिलेलं होतं. डिलिव्हरीच्या पोराला गेटवर नाव, फ्लॅट, ओटीपी विचारल्याशिवाय आत सोडत नाही. पुढच्या वेळी छाटणीवाला आला की वॉचमनला एवढंच विचारायला सांगा: हार्नेस कुठाय, दाखव. नसेल तर टेम्पो गेटवरूनच परत पाठवा.