गोळी घेतली म्हणून कान वाचत नाहीत

"मोठ्या आवाजात जायच्या आधी मॅग्नेशियम आणि एनएसीची गोळी घ्या, इअरप्लगची कटकटच नको. अमेरिकेत तर औषधाला मान्यताही मिळालीये. नंतर कानात शिट्टी वाजली आणि थांबली, म्हणजे कान ठणठणीत." हा मेसेज मला तिघांनी पाठवला, त्यातला एक रोज मशीनपाशी उभा राहून काम करतो, म्हणून लिहायलाच बसले.

आधी मॅग्नेशियम. यात तथ्य अजिबातच नाही असं नाही, मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशींवर ताण येतो, फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रेणू) तयार होतात आणि आवाज थांबल्यावरही काही दिवस होत राहतात, म्हणून त्यांना आवर घालणारे अँटिऑक्सिडंट वगैरे देऊन बघायची कल्पना निघाली. १९९४ मध्ये इस्रायली सैन्यातल्या ३०० नव्या भरतीच्या जवानांवर मॅग्नेशियमचा प्रयोग झाला आणि नुकसान कमी दिसलंही. पण ते दोन महिने रोज घेतलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे त्या सगळ्यांनी गोळीबाराच्या वेळी इअरप्लग घातलेले होते! मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय.

एनएसीचं (एन-ॲसिटिलसिस्टीन, असंच एक अँटिऑक्सिडंट) म्हणाल तर प्राण्यांमध्ये बरं दिसलं, पण अमेरिकन मरीन्सच्या ५०० हून जास्त रिक्रूट्सवर करून बघितलं तेव्हा मुख्य निकषावर ठोस फरक आला नाही.

मान्यतेचं तर सरळ चुकीचंय. २०२२ मध्ये तिकडे मान्यता मिळाली ती सोडियम थायोसल्फेटला, कॅन्सरवरच्या सिस्प्लॅटिन या औषधाने लहान मुलांचे कान जाऊ नयेत म्हणून. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही.

शिट्टी थांबली की कान बरे, ही सगळ्यात घातक ओळ. २००९ मध्ये उंदरांवर दिसलं की आवाजानंतर ऐकण्याची टेस्ट पुन्हा नॉर्मल आली, पण केसपेशी आणि नस यांच्यातले कितीतरी जोड कायमचे गेले. आणि केसपेशी मेली की माणसात ती परत येत नाही, पक्ष्यांमध्ये येते, आपल्यात नाही. सुरुवातीला बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच सुरातलं ऐकू येणं जातं, मग स, श, फ निसटायला लागतात आणि माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण काय बोलतायत ते कळत नाही."

म्हणून प्लग घालाच, आणि नीट घाला. फोमचा असेल तर बोटांनी अगदी बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. अर्धा बाहेर लोंबत असेल तर काढून परत घाला. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं.

आणि मोठ्या धमाक्यानंतर एकदम कमी ऐकू यायला लागलं तर गोळ्या खात थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, स्टिरॉइड द्यायचं का ते त्यांना लवकरच ठरवावं लागतं.