‘2019 पासून मेडिकेअर थेरपीचे पैसेच देत नाही’: त्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत आईवडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलं आणि हॉस्पिटलने त्यांना स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (हॉस्पिटलनंतर नर्सिंग आणि थेरपी देणाऱ्या केंद्रात) पाठवलं, की मुलांच्या फोनवर एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘2019 पासून मेडिकेअर थेरपीचे पैसे देत नाही, म्हणून रिहॅबवाले मिनिटं कापतात. प्रगती थांबली की थेरपी बंद, असा नियमच आहे. 100 दिवस मात्र फुकट राहता येतं.’ अशाच एका रिहॅब विभागाचं वेळापत्रक लावणं हे माझं रोजचं काम. म्हणून हे उत्तर. (मेडिकेअर म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा.)

‘पैसे देत नाही.’ देते. 1 ऑक्टोबर 2019 ला बदललं ते पैसे ठरवण्याचं गणित. त्याआधी मिनिटं मोजली जायची. आठवड्याला 720 मिनिटं थेरपी झाली की पेशंट ‘अल्ट्रा हाय’ गटात जायचा आणि थेरपीचा सर्वांत वरचा दर लागू व्हायचा. मग 720 गाठण्यासाठी थकल्याभागल्या आजोबांनाही जिममध्ये बसवून ठेवलं जाई. गरज नसताना थेरपी दिल्याचे आरोप मिटवण्यासाठी 2016 मध्ये रिहॅबकेअर या थेरपी कंपनीच्या बाजूने 12.5 कोटी डॉलर आणि लाइफ केअर सेंटर्स या नर्सिंग होमच्या साखळीने 14.5 कोटी डॉलर भरले. जुने दिवस चांगले होते म्हणणाऱ्यांनी हे आकडे आठवावेत.

आता पीडीपीएम या नव्या पद्धतीत रोजचा दर निदान, हालचालीची क्षमता, गिळण्याचा त्रास अशा गोष्टींवरून ठरतो. पीटी (फिजिकल थेरपी), ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवण्याची) आणि स्पीच (बोलण्या-गिळण्याची) या तिन्ही थेरपींचा वाटा त्यात असतोच. फक्त 30 मिनिटं दिली काय नि 60 दिली काय, दर तोच. मोह उलटा झाला: पूर्वी वाढवण्याचा, आता कापण्याचा. विसाव्या दिवसानंतर पीटी-ओटीचा वाटा दर 7 दिवसांनी 2 टक्क्यांनी उतरतो, तेव्हा तर मॅनेजरांना डिस्चार्जची विशेष घाई होते. मिनिटं कापली जातात ही फॉरवर्डमधली तक्रार त्यामुळे खोटी नाही. पण कापणारा हात फॅसिलिटीचा किंवा तिने नेमलेल्या थेरपी कंपनीचा असतो. ग्रुप (अनेकांना एकत्र) आणि कॉन्करंट (एकाच वेळी दोघांना वेगवेगळी) थेरपी मिळून प्रत्येक शाखेत 25 टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे, पण ती ओलांडली तरी फक्त ताकीद मिळते. म्हणून विचारा: आठवड्यातून किती दिवस, किती वेळ हे आईला तपासणाऱ्या थेरपिस्टने ठरवलं, की सगळ्यांना एकच साचा आहे? गोलमोल उत्तर आलं तर केअर प्लॅनची (उपचाराच्या आराखड्याची) मीटिंग मागा.

‘प्रगती थांबली की बंद.’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण आमचेच थेरपिस्ट ते अजून बोलतात: ‘पेशंट प्लॅटोला आलाय.’ पेशंटांनी मेडिकेअरविरुद्ध लढलेल्या जिमो खटल्यातली तडजोड कोर्टाने जानेवारी 2013 मध्ये मंजूर केली आणि सुधारणेची ही अट मेडिकेअरमध्ये नाही हे स्पष्ट झालं. कसोटी वेगळी आहे: या कामाला प्रशिक्षित हात लागतात का? पार्किन्सन्सच्या पेशंटची चाल आहे तशी टिकवणं किंवा घसरण मंदावणं, यासाठी थेरपिस्टचं कौशल्य लागत असेल तर ते कव्हर होतं. नुसतं कॉरिडॉरमधून फिरवून आणणं एडला (मदतनिसाला) जमत असेल, तर ते होत नाही. हा फरक रोजच्या नोटमध्ये लिहावा लागतो. ‘चालण्यात बदल नाही’ एवढंच लिहिणारा थेरपिस्ट पेशंटची केस स्वतःच्या हाताने बुडवतो.

100 दिवसांचं थोडक्यात. पहिले 20 पूर्ण कव्हर. 21 ते 100 साठी 2025 मध्ये रोजचे 209.50 डॉलर पेशंटच्या माथी, आणि तेही स्किल्ड सेवेची रोज गरज असेपर्यंतच. त्याआधी हॉस्पिटलात सलग 3 दिवस इनपेशंट (रीतसर भरती झालेला पेशंट) म्हणून नोंद हवी. ‘ऑब्झर्वेशन’मधल्या (भरती न करता नुसत्या देखरेखीच्या) रात्री धरत नाहीत. ॲडव्हांटेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर त्याच्या अटी आणि पूर्वमंजुरी वेगळी. ग्रीन कार्डवर आलेल्या आईवडिलांना तर सहसा 5 वर्षांच्या सलग वास्तव्याआधी मेडिकेअर विकतही घेता येत नाही.

कव्हरेज संपत असल्याची नोटीस किमान दोन दिवस आधी हातात पडायला हवी. तिच्यावर सही म्हणजे फक्त पोच, संमती नव्हे. अपिलाचा फोन नंबर त्याच कागदावर असतो आणि फोन करायचा तो नोटिशीतल्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत.