रेडिओवरची मराठी कुणी घालवली? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, कोल्हापूरच्या एफएमवरची मराठी का कमी झाली या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली होती, आज जरा निवांत आहे म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की आमच्या निपाणीत लागणाऱ्या कोल्हापूरच्या एफएमवरची मराठी कमी झाली तो सीमाभागातल्या मराठीविरुद्धचा डाव आहे, आणि मी स्टेशनचा मालक बदलल्याचं कारण पुढं करून स्टेशनवाल्यांना पाठीशी घालतोय. शिवाय खासगी एफएमनं आपल्याकडच्या बातम्या द्याव्यात हे मी लिहिलेलं म्हणजे अडाणीपणा.

शेवटचा मुद्दा एकदम मान्य, चूक माझीच. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, केंद्र सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणात आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा मिळाली, बास. ट्रॅफिक मात्र सांगता येतं. म्हणजे १ नोव्हेंबरला (त्यांचा राज्योत्सव, आपला काळा दिवस) बेळगावात कुठला रस्ता जाम आहे हे सांगायला हरकत नाही, का जाम आहे ते विचारू नका.

पण डाव म्हणाल तर नाही पटत. बंगळुरूचं रेडिओ सिटी बघा, जुलै २००१ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं खासगी एफएम. आधी त्यात स्टार टीव्हीवाले होते, मग गुंतवणूक फंड आला, २०१५ मध्ये जागरण या वृत्तपत्र ग्रुपनं घेतलं. सुरवातीला तिथं हिंदी-इंग्रजीचा बराच भरणा होता आणि आज ते कन्नड स्टेशन म्हणून चालतं. कुणी कन्नडवर उपकार केले का? माझ्या मते नाही, जाहिरात देणाऱ्याला कन्नड गिऱ्हाईक हवं होतं. तोच हिशोब आपल्याकडं उलटा पडला.

आता आमच्या गल्लीतल्या टेलरमामांचं सांगतो, मूळ पोस्टमध्ये हे लिहायचं राहून गेलं होतं. त्यांच्या रेडिओची वायर खिडकीच्या गजाला बांधलेली, मशीनची मोटर सुरू झाली की मीडियम वेव्हवरची सांगली आकाशवाणी नुसती घर्रघर्र करायची, म्हणून ते एफएमवर आले. शेजारच्या कापड दुकानदारानं दिवाळीत १० सेकंदाची जाहिरात दिलेली, निवेदक ती अशी वाचायचा की मामा कात्री थांबवून हसायचे. स्टेशनचा मालक बदलल्यावर दुकानदाराला पॅकेज सांगितलं, सगळ्या शहरांत एकदम जाहिरात लागणार म्हणे. तो म्हणाला, "आमच्याकडं शर्ट घ्यायला नागपूरनं कोण येणार हाय ओ?" झालं, जाहिरात बंद. निपाणीचे पैसे बंद झाले तसं निपाणीचं नाव बंद झालं, मग दुपारचा फर्माईशचा तास गेला, आणि त्या जागी मुंबईत बनवून सगळीकडं लावायचा हिंदी शो आला. स्टेशनचं नाव मुद्दाम घेत नाहीये, भांडायची ताकद नाही माझ्यात.

तर पाठीशी घालणं कुठं आलं सर? उलट डाव असता तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी आपली मराठी खटकते एवढं तरी कळलं असतं. इथं ज्यानं गाण्यांची लिस्ट लावली त्याला निपाणी कर्नाटकात आहे की महाराष्ट्रात हेही माहीत नसेल (आपल्यातच त्यावर एकमत नाही म्हणा).

आणि हो, "मेलेल्या रेडिओवर कशाला लिहिता" हे तुमचं वाक्य मामांना वाचून दाखवलं. ते पेनड्राइव्हवर गाणी लावून बसलेले, काही बोलले नाहीत. गजाची वायर अजून सोडलेली नाही त्यांनी.